तो ऑप्शन तिथे का होता?

रात्री दोनला बिल्ड सुरू होतो आणि सकाळी साडेसातच्या सुमारास त्याची मेल येते. हिरवी असेल तर मी ती उघडतही नाही. लाल असेल तर चहाचं आधण ठेवायच्या आधी लॅपटॉप उघडते. पुण्यात हे काम करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. या काळात तीन नोकऱ्या झाल्या, घर बदललं, मुलगी कॉलेजात गेली. सकाळची ती मेल मात्र तशीच येते.

माझं काम थोडक्यात सांगते. घरातला राउटर, गाडीच्या डॅशबोर्डमधला पडदा, कारखान्यातल्या मशीनला जोडलेला छोटासा डबा, अशा वस्तूंच्या पोटात लिनक्स चालतं. कर्नल, प्रोग्राम, लायब्रऱ्या, सेटिंगच्या फाइली हे सगळं मिळून जी एक मोठी फाइल तयार होते तिला आम्ही इमेज म्हणतो. कारखान्यात ती चिपवर चढवली की वस्तू चालू होते. ही इमेज तयार करणं म्हणजे बिल्ड, आणि ते करणारी यंत्रणा मी सांभाळते. हजारो फाइलींचं झाड एका फाइलीत बसवायचं काम शेवटी एखादं छोटं टूल करतं. स्क्वॅशएफएससाठी एमकेस्क्वॅशएफएस, एक्स्ट४ साठी एमकेई२एफएस, नँड चिपवरच्या यूबीआयएफएससाठी एमकेएफएस.यूबीआयएफएस. ब्लॉक केवढा ठेवायचा, डेटा कसा दाबायचा, फाइलींची मालकी कोणाच्या नावावर टाकायची, तारीख कुठली लावायची, हे त्या टूलला ऑप्शन देऊन सांगावं लागतं. एका ओळीत दहा-बारा ऑप्शन सहज असतात. ती ओळ कुणीतरी कधीतरी लिहिलेली असते आणि चालतेय तोवर तिला कुणी हात लावत नाही.

मग एक दिवस टूलची नवी आवृत्ती येते आणि त्या ओळीतला एखादा शब्द तिला कळेनासा होतो.

असा बिल्ड फुटला की लॉग कसा दिसतो हे नव्या मुलांना मी शेजारी बसवून दाखवते. एमकेस्क्वॅशएफएसच्या जुन्या आवृत्त्यांना एखादा ऑप्शन कळला नाही, की त्या आपल्या सगळ्या ऑप्शनांची यादी छापायच्या. ती पडदा-दोन पडदे भरून जायची. खरी कामाची ओळ, ‘इनव्हॅलिड ऑप्शन’, त्या यादीच्या डोक्यावर एकदाच असायची. त्यातून बिल्ड चालवणारं मेक हे टूल आठ-आठ कामं एकाच वेळी चालवत असेल तर तिच्यावर दुसऱ्याच कुठल्यातरी पॅकेजच्या ओळी येऊन पडायच्या. नवा माणूस लॉगच्या तळाशी जातो, तिथे ‘एरर १’ बघतो आणि गोंधळतो. मी लॉग खालून वर वाचते. जिथे यादी सुरू होते तिथे थांबते आणि तिच्या वरची ओळ बघते. या सवयीने माझे किती तास वाचले असतील याचा हिशेब नाही.

पण लॉग वाचता येणं हा या कामाचा सोपा भाग. अवघड भाग मला २००९ मध्ये कळला.

तेव्हा मला नोकरीत तीनच वर्षं झाली होती. एका नेटवर्किंगच्या डब्याचं काम होतं, आत मिप्स प्रोसेसर, चिप बनवणाऱ्यांनी दिलेला जुना कर्नल. बिल्डचं मशीन बंद पडलं म्हणून नवं आणलं, त्यावर लिनक्सची ताजी आवृत्ती टाकली. पहिलाच बिल्ड फुटला. एमकेस्क्वॅशएफएस म्हणत होतं, ‘-बीई’ हा ऑप्शन मला माहीत नाही. मी मॅन्युअल बघितलं, त्यात ‘-बीई’ नव्हता. म्हणजे काढून टाकलेला दिसतोय, असं म्हणून मीही स्क्रिप्टमधून तो काढून टाकला. बिल्ड हिरवा झाला. इमेज टेस्टिंगला पाठवली आणि त्या संध्याकाळी वेळेवर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगवाल्या मुलाने सिरियल कन्सोलचा फोटो पाठवला. शेवटची ओळ होती कर्नल पॅनिकची: रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन-ब्लॉक (३१,२). एकतीस हा एमटीडी ब्लॉक डिव्हाइसचा क्रमांक, म्हणजे फ्लॅशच्या तिसऱ्या भागात जी इमेज होती ती कर्नलला वाचता येत नव्हती. सहाच्या सहा बोर्ड तसेच.

ती स्क्रिप्ट लिहिणारे सर वर्षभरापूर्वी कंपनी सोडून गेले होते. दुपारी मी त्यांना फोन केला.

“सर, स्क्वॅशएफएसच्या ओळीत तुम्ही ‘-बीई’ दिलं होतं. नव्या टूलमध्ये ते नाहीये. मी काढलं.”

“काढलंस? आणि बोर्डवरचा प्रोसेसर कुठला आहे?”

“मिप्स. बिग एंडियन,” मी म्हटलं आणि बोलता बोलताच घशाला कोरड पडली.

एंडियन म्हणजे मोठी संख्या मेमरीत ठेवताना तिचं मोठं टोक आधी ठेवायचं की लहान. मराठी माणसाला हे समजावणं सोपं आहे. २५ लिहिताना आपण दोन आधी लिहितो, पण बोलताना पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी. दोन्ही बरोबरच, फक्त लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं आधी ठरलेलं असावं लागतं. स्क्वॅशएफएसच्या तिसऱ्या मालिकेत इमेज कुठल्या पद्धतीने लिहायची ते तुम्ही सांगायचं: ‘-बीई’ किंवा ‘-एलई’. २००९ मध्ये स्क्वॅशएफएस लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं, २.६.२९ या आवृत्तीत. त्या निमित्ताने त्याचं स्वरूप पक्कं करण्यात आलं. चौथ्या आवृत्तीपासून इमेज कायम लिटल एंडियनच असते, आणि प्रोसेसर कुठलाही असो, उलटसुलट करायचं काम वाचणारा कर्नल करतो. त्यामुळे ‘-बीई’ची गरजच उरली नाही आणि तो गेला. निर्णय योग्यच होता. एकच स्वरूप सांभाळणं हे दोन सांभाळण्यापेक्षा केव्हाही बरं.

पण आमच्या डब्यातला कर्नल जुना होता. त्याला तिसरी मालिकाच वाचता येत होती. म्हणजे मी ‘-बीई’ ठेवला असता तरी उपयोग नव्हता आणि काढला तरी नव्हता. तो ऑप्शन नाहीसा झाला, त्याच्यामागे अख्खं स्वरूप बदललं होतं. टूलने अडून राहून मला ते सांगितलं होतं. मी एक शब्द खोडून त्याला गप्प केलं आणि जो बिघाड माझ्या टेबलावर पकडता आला असता तो टेस्टिंगच्या टेबलावर ढकलला. आणखी दोन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नसतं तर तो गिऱ्हाइकाच्या घरी गेला असता.

सर फोनवर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ते मी उगाच टाकलं नव्हतं गं. वर एक ओळ लिहून ठेवायला हवी होती, ती माझी चूक.” त्या वाक्याचा माझ्यावर फार परिणाम झाला. तेव्हापासून मी ज्या स्क्रिप्टला हात लावते तिच्यात प्रत्येक ऑप्शनच्या वर कारण लिहिते. कारण कळत नसेल तर ‘कारण माहीत नाही, काढण्याआधी बोर्डवर तपासा’ असं लिहिते. तेवढ्यानेही पुढच्या माणसाचा हात थबकतो.

त्या वेळी उपाय सोपा होता. टूलची जुनी आवृत्ती सोर्ससकट प्रोजेक्टमध्येच आणून ठेवली आणि बिल्डच्या सुरुवातीला तीच कंपाइल करून वापरायची असं ठरवलं. मशीनवर काय आहे याच्याशी संबंध नको. बिल्डरूट, ओपनडब्ल्यूआरटी, योक्टो या सगळ्या बिल्ड सिस्टिम हेच करतात: आधी स्वतःची टूल बांधतात, मग त्या टूलने तुमची इमेज बांधतात. मी कॉलेजातून आले तेव्हा मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. मशीनवर टूल आयतं असताना पुन्हा कशाला कंपाइल करायचं? आता कुणी असा प्रश्न विचारला की मी त्या सहा बोर्डांबद्दल सांगते.

टूल स्वतः बांधल्याने प्रश्न संपत मात्र नाही, तो पुढे ढकलला जातो. कधीतरी नवा कर्नल येतो, नवी चिप येते, सुरक्षेसाठी टूल बदलावंच लागतं. शिवाय इमेज तयार झाल्यावरही काही स्क्रिप्ट चालतात, त्या कोणाच्या मशीनवर चालतील ते आपल्या हातात नसतं. असंच एकदा चाकणच्या बाजूला एका कारखान्यात झालं. तिथे एसडी कार्डं तयार करायची स्क्रिप्ट आमची होती. कार्ड घालायचं, स्क्रिप्ट चालवायची, ती पार्टिशन पाडणार आणि इमेज उतरवणार. त्यांनी लाइनवरचा लॅपटॉप बदलला आणि फोन आला: “मॅडम, कार्ड होत नाहीयेत. एम युनिट चालत नाही म्हणतोय.”

पार्टिशन पाडायला एसएफडिस्क वापरलं होतं. ते फाइलसिस्टिमचं टूल म्हणता येणार नाही, पण शेजारचंच. २०१५ च्या सुरुवातीला यूटिल-लिनक्सच्या २.२६ आवृत्तीत ते जवळपास नव्याने लिहिलं गेलं. सिलिंडर, हेड या जुन्या डिस्कच्या मोजमापांचा आधार त्यातून काढून टाकला. फ्लॅश कार्डात सिलिंडरही नसतो आणि हेडही नसतं, तेव्हा तेही बरोबरच झालं. त्याच झाडलोटीत मेगाबाइटमध्ये मोजण्याचं ‘-यूएम’ हे युनिटही गेलं.

आमच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या पार्टिशनचा आकार नुसता ‘६४’ असा लिहिला होता. चौसष्ट मेगाबाइट हे ‘-यूएम’मुळे कळत होतं. फोनवरच्या माणसाने, तो हुशार आणि घाईत होता, मला विचारलं, “मग तो ‘-यूएम’ काढून टाकू का?” त्याला मी लगेच थांबवलं. नवं एसएफडिस्क आकडा सेक्टरमध्ये मोजतं. चौसष्ट सेक्टर म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटप्रमाणे बत्तीस किलोबाइट. जुन्या एसएफडिस्कमध्ये युनिट दिलं नाही तर तोच आकडा सिलिंडरमध्ये मोजला जायचा, तेव्हा अर्थ आणखी तिसराच झाला असता. आकडा तोच, स्क्रिप्ट तीच, आणि तीन ठिकाणी तीन अर्थ. त्या दिवशी आकड्याच्या मागे ‘एम’ अक्षर लावून आम्ही मोजमाप आकड्यातच घातलं. नंतर मी आमच्या सगळ्या स्क्रिप्ट काढून बसले आणि जिथे जिथे उघडा आकडा दिसला तिथे तिथे त्याचं माप त्याला चिकटवलं. दोन दिवस लागले. कुणी सांगितलेलं काम नव्हतं, पण मला त्याशिवाय स्वस्थ झोप लागली नसती.

बिल्ड फुटला की लोक चिडतात. मॅनेजर विचारतात, कालपर्यंत चालत होतं ना? मला मात्र वर्षानुवर्षं बघून असं वाटायला लागलंय की फुटणारा बिल्ड आपल्या बाजूने असतो. भीती वाटावी ती न फुटणाऱ्याची. ऑप्शन तसेच राहतात, टूल काही बोलत नाही, फक्त न दिलेल्या ऑप्शनचा अर्थ आतून बदलतो.

एक्स्ट४ च्या टूलसंचाच्या, म्हणजे ई२एफएसप्रॉग्जच्या, १.४३ आवृत्तीत २०१६ साली नव्या फाइलसिस्टिमसाठी ६४ बिट आणि मेटाडेटाचं चेकसम ही दोन वैशिष्ट्यं आपोआप चालू झाली. सर्व्हरवाल्यांसाठी उत्तम. आमच्या एका बोर्डवरचा जुना बूटलोडर मात्र असली फाइलसिस्टिम वाचेना. कर्नल फाइल डोळ्यांसमोर आहे, बूटलोडर म्हणतो नाही. दोन्ही वैशिष्ट्यं बंद करायचा ऑप्शन आम्ही जोडला आणि पुढे गेलो. २०२३ च्या १.४७ आवृत्तीत पुन्हा तेच, या वेळी ऑर्फन फाइल नावाचं नवं वैशिष्ट्य. डब्यातलं जुनं ई२एफएससीके सुरू होताना तपासणी करायला गेलं आणि ‘फीचर सी१२’ मला माहीत नाही, ई२एफएससीकेची नवी आवृत्ती आणा, असं म्हणून थांबलं. ‘सी१२’ एवढंच. त्याला नावही ठाऊक नव्हतं, कारण ते नाव जन्माला यायच्या आधीचं ते टूल. ज्याने हे कधी पाहिलं नाही त्याला तेवढ्यावरून काय शोधायचं तेही सुचणार नाही. आता आमच्याकडे एक्स्ट४ ची वैशिष्ट्यं आम्ही टूलवर सोडत नाही. कुठली हवी ती सगळी नावानिशी लिहितो, मग यादी लांब झाली तरी चालेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये स्क्वॅशएफएस टूलची ४.४ आवृत्ती आली, तिची मी खरंच वाट बघत होते. एकाच सोर्समधून कधीही, कुठेही बिल्ड केला तरी बाइटन् बाइट तीच इमेज यावी, असा आमचा आग्रह होता. गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू आणि आमच्याकडचा सोर्स यांचा मेळ सिद्ध करायचा तर दुसरा मार्ग नाही. इमेजमध्ये ती तयार झाल्याची वेळ लिहिली जाते, म्हणून आम्ही टूलला स्वतःचा एक पॅच मारून वेळ गोठवणारा ऑप्शन घातला होता. ४.४ मध्ये ती सोय मुळातच आली, ‘-एमकेएफएस-टाइम’ नावाने. आमचा पॅच टाकून दिला, स्क्रिप्टमध्ये नवं नाव घातलं. माझ्या मशीनवर सुरेख चाललं. बिल्ड सर्व्हरवर पहिल्याच रात्री फुटलं.

सगळं तपासलं. टूल तेच, आवृत्ती तीच, ओळ तीच. अर्धा दिवस गेल्यावर मी दोन्ही मशीनवरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फाइलीत उतरवले, क्रमाने लावले आणि शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ बोटाने वाचत गेले. ‘एस’वर आल्यावर सापडलं. सर्व्हरवर ‘सोर्स डेट इपॉक’ नावाचा व्हेरिएबल होता, माझ्याकडे नव्हता. बिल्डची वेळ सगळ्या टूलना एकाच ठिकाणाहून सांगण्याची ती ठरलेली पद्धत, आणि ४.४ तीही मानतं. पण वेळ दोन्हीकडून सांगितली, ऑप्शननेही आणि व्हेरिएबलनेही, तर ते काम करायला नकार देतं. कोणाचं खरं धरू, असा त्याचा प्रश्न असतो. लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलंही होतं. मी ती ओळ वाचली होती, पण माझ्या मशीनवर चाललंय म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मला हा नकार अतिशय आवडला. दोन सूचनांमधली एक गुपचूप निवडून ते टूल पुढे जाऊ शकलं असतं. मग आमची इमेज कधी या वेळेची, कधी त्या वेळेची निघाली असती, आणि ते कळायला वर्ष लागलं असतं. आम्ही ऑप्शन काढला, व्हेरिएबल ठेवला. या खेपेला काढताना मला कारण माहीत होतं आणि ते कमिटच्या संदेशात लिहिलं.

‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य त्यानंतर मी फार जपून उच्चारते. टूल समोर माणूस आहे की नाही हेसुद्धा बघतं. ज्या फाइलीत आधीच फाइलसिस्टिम आहे तिच्यावर एमकेई२एफएस चालवलं, तर टर्मिनलसमोर तुम्ही बसलेले असाल तेव्हा ते विचारतं, पुढे जाऊ का? सर्व्हरवर विचारायला कुणी नसतं, तिथे ते सरळ पुढे जातं. म्हणजे हातांनी चालवलेली ओळ आणि रात्री दोनला चाललेली ओळ अक्षरशः एकच असूनही वेगळी वागू शकते.

टूल बदलताना ऑप्शन हरवतात, त्यातला एक प्रसंग अजून अंगावर काटा आणतो. टीममधल्या एका मुलाने नव्या आवृत्तीसाठी ती लांबलचक ओळ नीट मांडली, जुने शब्द काढले, नवे घातले, सगळं एका व्हेरिएबलमध्ये गोळा केलं. काम नेटकं होतं, मी स्वतः तपासून मंजूर केलं. त्यात ‘-नोअपेंड’ गळला होता. दोघांच्याही लक्षात आलं नाही. एमकेस्क्वॅशएफएसचा एक मूळ स्वभाव आहे: त्या नावाची इमेज आधीपासून असेल तर ते ती पुसत नाही, तिच्यातच भर घालतं. आणि भर घालताना त्याच नावाचं काही आधीच असेल तर नव्याच्या नावापुढे ‘_१’ लावतं.

बिल्ड हिरवा. इमेज किंचित मोठी, कुणी बघितलं नाही. तीन दिवसांनी टेस्टिंगमधून तक्रार: दुरुस्त केलेला बग तसाच आहे. मुलगा म्हणाला, मी दुरुस्त केलाय, सोर्समध्ये आहे बघा. खरंच होता. मग त्याने बोर्डवर लॉगिन करून रूट डिरेक्टरीची यादी काढली आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. बिन, बिन_१, बिन_२. ईटीसी, ईटीसी_१, ईटीसी_२. प्रत्येक रात्रीचा बिल्ड आदल्या रात्रीच्या शेजारी येऊन बसला होता, आणि बोर्ड निमूटपणे पहिल्या रात्रीचाच प्रोग्राम चालवत होता. तीन दिवस टेस्टिंगवाल्यांनी जे काही तपासलं ते सगळं शिळं. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, आणि मंजुरी माझी होती हेही सांगितलं. तो मुलगा पंधरा दिवस गप्प गप्प होता. त्याला मी २००९ ची गोष्ट त्याच वेळी सांगितली, आधी सांगायला हवी होती.

तेव्हापासून आम्ही हिरव्या रंगावर थांबत नाही. इमेज तयार झाली की तिचा सुपरब्लॉक वाचून छापायचा, आतल्या फाइलींची यादी आदल्या इमेजच्या यादीशी ताडून बघायची, आणि निदान क्यूईएमयूमध्ये ती लॉगिनपर्यंत येते का बघायचं. यादीतला फरक माणसाने वाचायचा. याला वीस मिनिटं जास्त लागतात.

टूल लिहिणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या क्षेत्रात तसा राग बराच दिसतो. ऑप्शन का काढला, नाव का बदललं, आमचा विचार का केला नाही. यातली कितीतरी टूल दोन-चार माणसं, कधी एकच माणूस, वर्षानुवर्षं सांभाळत असतो. बदल ते लपवत नाहीत, बदलांच्या फाइलीत लिहितात. ती आपण वाचत नाही. माझी तक्रार असलीच तर एवढीच, की ऑप्शन काय करतो हे जितकं लिहिलं जातं तितकं तो कशासाठी हे लिहिलं जात नाही. एमकेस्क्वॅशएफएसच्या मूळ सोर्ससोबत मॅन्युअलची पानं आली ती २०२२ मध्ये, ४.५.१ आवृत्तीत. त्या दिवशी मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तेरा वर्षं वापरत असलेल्या टूलबद्दल मला त्यात नव्या गोष्टी सापडल्या.

पण कारण लिहून ठेवायचं ते आपण. टूलवाल्याला आपला बोर्ड माहीत नसतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या पहिल्या नोकरीतल्या एका प्रॉडक्टवर आता काम करणारी एक मुलगी, बंगळुरात असते, तिने ओळख काढून मला फोन केला. ते प्रॉडक्ट अजून विकलं जातं हे ऐकूनच मला बरं वाटलं. ती जुन्या स्क्रिप्ट नव्या बिल्ड सिस्टिमवर नेत होती. यूबीआयएफएसची ओळ तिने वाचून दाखवली: पान २०४८ बाइट, लॉजिकल इरेझ ब्लॉक १२६९७६ बाइट. हे चिपवरून कळतं, १२८ केबीच्या ब्लॉकमधून यूबीआयच्या स्वतःच्या नोंदींची दोन पानं वजा केली की तो आकडा येतो, त्यामुळे तिला त्यात शंका नव्हती. “पण पुढे ‘-एफ’ आहे,” ती म्हणाली. “नव्या सिस्टिमच्या साच्यात तो बसत नाहीये. काढला तर इमेज होते, माझ्या टेबलावरच्या बोर्डवर बूटही होते. आणि पहिल्यांदा सुरू होताना उलट कमी वेळ लागतो. कमिटवर तुमचं नाव आहे, २०१४. ताई, हा का टाकला होता तुम्ही?”

मला आठवेना. ओळीच्या वर कॉमेंट होती, मी लिहिलेली: ‘लाइनसाठी आवश्यक’. त्या वेळी मला आणि शेजारच्या दोघांना ‘लाइन’ म्हणजे काय ते माहीत होतं. दहा वर्षांनी मलाच ते शब्द परके वाटले. तिला म्हटलं, काढू नकोस, मला संध्याकाळपर्यंत वेळ दे.

जुन्या वह्या मी टाकलेल्या नाहीत. माळ्यावरच्या खोक्यातून २०१४ ची काढली आणि जमिनीवर बसून पानं उलटली. मार्चमध्ये सापडलं. कारखान्यात चिपवर इमेज चढवणारं जे प्रोग्रामर मशीन होतं ते अगदी साधं होतं. इमेजमधली कोरी पानंही ते लिहून टाकायचं, ज्यांच्यात सगळे बाइट एफएफ असतात तीही. नँड चिपवर एकदा लिहिलेलं पान पुसल्याशिवाय पुन्हा लिहायचं नसतं. यूबीआयएफएसला ते पान कोरं वाटतं, ते त्यावर लिहितं, आणि काही दिवसांनी ईसीसीच्या चुका यायला लागतात. ‘-एफ’ दिला की पहिल्या माउंटला यूबीआयएफएस ती मोकळी जागा आधी नीट करून घेतं, म्हणूनच पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. तिच्या टेबलावर ती यूबीफॉरमॅटने इमेज चढवत होती. ते शहाणं टूल आहे, शेवटची कोरी पानं लिहीतच नाही. म्हणून तिच्या बोर्डवर ‘-एफ’ नसताना सगळं ठीक दिसत होतं, आणि तसंच दिसत राहिलं असतं.

मी तिला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिने पाच मिनिटांत फोन केला.

“पण ते मशीन अजून आहे का तिथे? दहा वर्षं झाली.”

तेही मला माहीत नव्हतं. कारखान्यातल्या एका सुपरवायझरचा नंबर माझ्याकडे होता, तोही जुनाच. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला तर त्यांनीच उचलला. मागे लाइनचा आवाज येत होता. मी मशीनचं वर्णन केलं: निळा डबा, वर चार सॉकेट, डाव्या बाजूचं झाकण तुटलेलं.

“आहे की मॅडम,” ते म्हणाले. “झाकण नवीन बसवलं. दोन पाळ्यांत चालतंय रोज.”

तिने ‘-एफ’ नव्या सिस्टिममध्ये बसवला, त्यासाठी साचाच थोडा बदलावा लागला. वर सहा ओळींची कॉमेंट लिहिली आणि मला वाचायला पाठवली. मी तिच्यात एकच गोष्ट वाढवली: ते मशीन कुठल्या खोलीत आहे ते.